पानामागची मोजणी

संशोधन केंद्रात त्यांना सगळे रफूताई म्हणत. तिथं रफू करण्यासारखं काहीच नव्हतं. चार पॉलिहाऊस, त्यांत स्ट्रॉबेरीचे वाफे, एक लांबट प्रयोगशाळा आणि तिच्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी ताईंचं टेबल, एवढाच त्यांचा कारभार. नाव चिकटलं होतं ते मागच्या कामावरून. सोळा वर्षं त्यांनी ड्रायक्लीनिंगच्या एका दुकानात, मागच्या खोलीत बसून, लोकरीच्या कपड्यांना कसरीनं पाडलेली भोकं बुजवली होती. केंद्राचे त्या वेळचे संचालक एकदा आपला कोट न्यायला आले आणि भोक होतं तिथं बोट फिरवत उभे राहिले. भोक सापडेना. शेवटी ताईंनीच ते कुठं होतं ते दाखवलं. पुढं लोक फाटलेलं शिवण्यापेक्षा नवं घ्यायला लागले, दुकान बंद पडलं, तेव्हा संचालकांनी निरोप पाठवला. आमच्याकडे एक काम आहे, नजर आणि हात दोन्ही लागतात, बघा जमतंय का.

काम होतं पानं उलटून कोळी मोजायचं. जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे. हा पूर्णविरामाएवढासुद्धा नसतो, पानाच्या खालच्या बाजूला राहतो आणि पानाचा रस पितो. हजारोंनी झाले की पान आधी ठिपकेदार, मग पिवळट, मग कागदासारखं कोरडं होतं. आणि ह्या कोळ्यांवर जगणारा आणखी एक कोळी असतो. तो त्यांना आणि त्यांच्या अंड्यांना खातो. केंद्रात ह्या दुसऱ्याला नुसतं 'शिकारी' म्हणत.

रात्रीच्या जेवणाला ताईंनी पहिल्याच आठवड्यात हे सगळं आपल्या नणंदेला समजावून सांगितलं होतं. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या वन्सं शांतपणे ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्या स्टाफरूमसारखंच."

दोघी एकत्र राहत. ताईंचे यजमान जाऊन आता वीस वर्षं झाली होती. तेव्हा वन्सं पंधरा दिवसांसाठी म्हणून राहायला आल्या, आणि ते पंधरा दिवस अजून संपायचे होते.

ताईंना दोन्ही कोळी हाडामासाच्या माणसांसारखे ओळखू येत. रस पिणारा फिकट, पाठीवर दोन काळे ठिपके, चालायचा असा की जणू चपला कुठं काढल्या ते आठवतोय. शिकारी नारिंगी, चकचकीत, आणि गॅस चालू ठेवून घराबाहेर पडल्यासारखा पळणारा. अंडीही वेगळी. पहिल्याचं गोल, पाणीदार मोत्यासारखं. शिकाऱ्याचं लांबोळकं आणि जवळजवळ दुप्पट. रफूच्या दिवसांपासून ताईंना उजव्या डोळ्यानं बघायची सवय होती. सूक्ष्मदर्शकावरही त्या उजवाच डोळा लावत. हातात तीन केसांचा ब्रश. त्यानं एक अंडं उचलून दुसऱ्या पानावर ठेवायचं, तेही न फोडता, हे केंद्रात दुसऱ्या कुणाला जमत नसे. एकोणीस वर्षांत त्यांच्या वहीतला आकडा कुणी खोडला नव्हता.

मग कोळीसर आले. खरं नाव वेगळं होतं, पण ते अखंड कोळ्यांबद्दल बोलत म्हणून हे पडलं, आणि नव्या माणसाला ते आडनावच वाटे. सर तिशीतले, बारीक, भरभर बोलणारे. औषधं न फवारता कोळी आटोक्यात आणायचे, ह्याचं त्यांना वेड होतं. त्यासाठी त्यांनी दोन नंबरच्या पॉलिहाऊसमध्ये वाफ्यांवर लांब नळ्या टांगल्या. त्यांतून अतिनील किरण निघत. उन्हात असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, कातडी रापवतात, तेच. सरांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की कोळी पानाच्या खालच्या बाजूला राहतात ते उगाच नाही. पान ही त्यांची छत्री आहे. ह्या किरणांनी त्यांची अंडी मरतात. म्हणून वाफ्यांवर चंदेरी कापड अंथरायचं, म्हणजे किरण त्यावरून उलटून पानाच्या खालच्या बाजूला लागतील. आणि नळ्या लावायच्या त्या मध्यरात्री, अर्धा तास, आपोआप. कारण किरणांनी ह्या जिवांच्या आत जी मोडतोड होते ती साध्या उजेडात ते स्वतःच दुरुस्त करतात. नंतर अंधार असला की दुरुस्ती होत नाही.

"म्हणजे त्यांनाही रफू येतं," माळ्यानं ताईंकडे बघत म्हटलं, आणि सगळे हसले.

दोन नंबरमध्ये नळ्या, शेजारच्या तीन नंबरमध्ये काहीच नाही. दोन्हीकडे सारखेच कोळी, सारखेच शिकारी सोडले. प्रत्येक पॉलिहाऊसमध्ये सहा ओळी, दर सोमवारी प्रत्येक ओळीतली तीस पानं ताईंच्या टेबलावर.

पहिले चार आठवडे सर हवेत होते. दोन नंबरमध्ये कोळी झपाट्यानं कमी होत गेले. सरांनी भिंतीवर आलेख लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्यापुढे उभं केलं. पाचव्या आठवड्यात ताईंना काहीतरी खटकलं आणि सहाव्यात तर त्या मोजता मोजता थांबल्याच. दोन नंबरच्या आतल्या पाच ओळींत कोळी परत वाढायला लागले होते. झाडं आता दाटली होती, पानावर पान आलं होतं, चंदेरी कापड खाली झाकून गेलं होतं. तिथं शिकारी म्हणाल तर एक नाही. आणि दाराजवळच्या पहिल्या ओळीत उलटाच प्रकार. शिकारी धावतायत, त्यांची लांबोळकी अंडी शिरांच्या कोपऱ्यांत ठेवलेली आहेत, आणि रस पिणारे जवळजवळ संपलेले. ताईंनी ती तीस पानं दुसऱ्यांदा मोजली. तोच आकडा आला. तो त्यांनी वहीत लिहिला.

सरांनी वहीची पानं पुढंमागं उलटून बघितली. किरणांखाली शिकारी आतल्या ओळींत मरतात आणि त्याच नळ्यांखाली पहिल्या ओळीत जगतात, हे काही जुळत नव्हतं. त्यांनी विचारलं, पिशव्यांची अदलाबदल झाली असेल का? तीन नंबरची पानं दोनच्या पिशवीत? ताई नाही म्हणाल्या. पिशव्यांवर चिठ्ठ्या त्या स्वतः लावत. सरांनी आणखी दोन-तीन शक्यता काढल्या. ताई प्रत्येकीला नाही म्हणाल्या.

मग सर खाली बघत म्हणाले, "ताई, तुमची चूक झाली असं नाही म्हणत मी. पण वय काय, सगळ्यांचंच होतं. पुढचे दोन आठवडे दोन नंबरची पानं मीच मोजतो. तुम्ही तीन नंबर बघा."

ताईंनी हो म्हटलं. त्या दिवशी त्यांनी तीन नंबरची एकशे ऐंशी पानं मोजली, ब्रश धुतला, टेबल पुसलं आणि वेळेवर घरी गेल्या.

सरांचं बोलणं लागलं होतं, पण त्याहून वाईट म्हणजे त्यांना स्वतःलाच शंका होती. गेलं वर्षभर डाव्या डोळ्यापुढं काहीतरी होत होतं. दिव्याभोवती कडं दिसे. वाफाळलेल्या काचेतून बघावं तसं सगळं मळकट. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, वन्संना तर नाहीच. मोजणीचं काम नजरेवर. नजर गेली असं एकदा कळलं की टेबल खिडकीपासून हलायला कितीसा वेळ लागतो? डाव्या डोळ्यानं आपण बघतच नाही, उजवा चांगला आहे, असं त्या मनाला बजावत आल्या होत्या. आता मनात आलं, उजवाही गेला असेल आणि आपल्याला कळलं नसेल तर?

दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी वन्संनी आमटीची वाटी पुढं सरकवली आणि सरळ विचारलं, "वहिनी, केंद्रात कुणी काही बोललं का?"

ताईंनी सगळं सांगितलं. डोळ्याचंही.

ताईंनी वर्षभर लपवलं म्हणून वन्संनी आधी दहा मिनिटं त्यांना फैलावर घेतलं. ते झाल्यावर त्या उठल्या आणि स्वयंपाकघरातले डबे काढायला लागल्या. वाद घालून काय उपयोग, म्हणाल्या, तपासून बघू. त्यांनी बारा बशा घेतल्या, प्रत्येकीत काळ्या कागदाची गोल चकती ठेवली, आणि पाठ करून बसून प्रत्येकीत खसखस आणि जाड रवा मिसळून पसरला. किती दाणे कशाचे, ते एका कागदावर लिहून कागद दुमडून स्वतःच्या चष्म्याच्या डबीत ठेवला. परीक्षेत चिठ्ठ्या पकडण्यात हयात गेलेली बाई. ताईंना त्यांनी डबीच्या जवळपासही फिरकू दिलं नाही.

ताईंनी रफूचं जुनं भिंग उजव्या डोळ्याला लावलं आणि मोजायला बसल्या. एका बशीला साधारण पाच मिनिटं. खसखस इतकी, रवा इतका. वन्सं समोर बसून लिहून घेत होत्या, चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हत्या. बारा बशा झाल्यावर त्यांनी डबी उघडली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. अकरा बशा तंतोतंत. सातव्या बशीत खसखशीचा एक दाणा ताईंनी कमी सांगितला होता.

ताईंचा चेहरा पडला. वन्सं सातवी बशी दिव्याखाली घेऊन स्वतः मोजू लागल्या, दोनदा मोजली, मग आपला अंगठा उलटा करून बघितला. नखाच्या कडेला एक दाणा चिकटून बसला होता.

"हा माझा," वन्सं म्हणाल्या, आणि कागदावर लाल पेनानं बारापैकी बारा लिहून त्याखाली सही केली.

दुसऱ्या दिवशी वन्संच ताईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, पिकत आलेला. उजवा वयाच्या मानानं उत्तम, डॉक्टर म्हणाले, आणि तसं कागदावर लिहून दिलं.

उजवा डोळा बरोबर असेल तर पहिल्या ओळीचा आकडाही बरोबर होता. मग त्या ओळीत असं काय होतं जे बाकीच्या पाचांत नव्हतं? ताई सुट्टीच्या दिवशीही दोन नंबरमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. माती तीच, पाणी तेच. नळ्या एकाच उंचीवर. त्यांनी चंदेरी कापड उचलून बघितलं, पानं उलटून बघितली. फरक एकच, पहिली ओळ दाराला लागून होती. दार बंद असे, पण ते जाड पारदर्शक प्लॅस्टिकचं. दिवसा सगळीकडेच उजेड. रात्री तिथं काय होतं ते ठाऊक असणारा माणूस एकच, रात्रपाळीचा पहारेकरी.

त्याला सगळे मेजर म्हणत. सैन्यात तो कधीच नव्हता, पण मिशी तशी होती आणि सलामही तसा ठोकायचा. सकाळी पाळी बदलते तेव्हा ताईंनी त्याला फाटकापाशी गाठलं आणि इकडचं तिकडचं विचारत विचारत नळ्यांवर आल्या. त्या विझल्या की तो काय करतो?

मेजरनं आधी मिशी चाचपली. मग हळूहळू निघालं. दीड-एक महिन्यापूर्वी दोन नंबरच्या पायरीवरून तो अंधारात घसरला होता आणि गुडघा सुजला होता. तेव्हापासून नळ्या विझल्या की तो दारावरचा मोठा फोकस लावी, तिथंच स्टूल टाकून डबा खाई, आणि मग रहस्यकथा वाचत बसे ते थेट तीनपर्यंत. फोकस पांढरा, झगझगीत. वाचायला छान.

"ताई, विजेचं बिल जास्त आलंय का?" त्यानं विचारलं. "माझ्यावर काही येणार नाही ना?"

ताईंनी त्याला येणार नाही असं सांगितलं, जरी त्यांना स्वतःला तेवढी खात्री नव्हती. मग त्या फोकसखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याचं तोंड कुठं आहे ते बघितलं. दाराच्या प्लॅस्टिकमधून उजेड सरळ पहिल्या ओळीवर पडत असणार. त्यापुढं दाट पानांची भिंत. किरणांनंतर जिथं काळोख हवा होता, तिथं ह्या एका ओळीला रोज अडीच तास उजेड मिळत होता.

त्या सरांच्या खोलीत गेल्या तेव्हा हातात दोन कागद होते. टेबलावर आधी डॉक्टरांचा ठेवला, मग वन्संचा.

"डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे," ताई म्हणाल्या. "वर्षभर मी तो लपवला. ते चुकलं माझं. पण मी मोजते उजव्या डोळ्यानं, आणि तो कसा आहे ते ह्यात लिहिलंय. तो दुसरा कागद आमच्या वन्संनी माझी परीक्षा घेतली त्याचा आहे. पहिल्या ओळीचा आकडा मी बदलणार नाही, सर."

सरांनी दोन्ही कागद वाचले. बारापैकी बारावर त्यांची नजर थोडा वेळ थांबली. मग त्यांनी स्वतःची वही काढून ताईंपुढे ठेवली. ह्या सोमवारची पानं त्यांनी मोजली होती. पहिल्या ओळीत शिकारी भरपूर, कोळी नाममात्र. आतल्या ओळींत त्याच्या उलट.

"परवाच कळलं होतं मला," सर म्हणाले. "सांगायला यायचं होतं. धीर होत नव्हता."

ताईंनी वही मिटून परत दिली. खुर्ची ओढून बसल्या आणि मेजरच्या फोकसची हकिकत सांगितली. सर ऐकता ऐकता उभे राहिले, खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या, आणि परत बसले. उजेडात दुरुस्ती होते हे त्यांना पाठ होतं, शंभरदा दुसऱ्यांना सांगितलं होतं. पण ती फक्त रस पिणाऱ्या कोळ्याच्या बाबतीत धरून ते चालले होते. शिकाऱ्यालाही ती लागत असेल, किंबहुना त्यालाच जास्त लागत असेल, हा विचार त्यांनी केलाच नव्हता.

विचार करून भागत नाही, बघावं लागतं. म्हणून पुढचे तीन आठवडे त्यांनी बशांचा प्रयोग केला. ओल्या कापसावर पानाचे तुकडे, प्रत्येक तुकड्यावर वीस अंडी, अर्ध्या तुकड्यांवर कोळ्यांची, अर्ध्यांवर शिकाऱ्यांची. किरण सगळ्यांना सारखे. नंतर निम्म्या बशा उजेडात, निम्म्या काळ्या कापडाखाली. आठशे अंडी ताईंनी तीन केसांच्या ब्रशनं एकेक करून ठेवली. दोनदा मान आखडली. सर शेजारी बसून लिहून घेत, आणि पाणी आणून देत, जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

काळ्या कापडाखाली दोन्ही जातींची अंडी बहुतेक मेली, शिकाऱ्यांची तर जवळजवळ सगळीच. उजेडातल्या बशांत दोन्हीकडे पिल्लं बाहेर आली, पण शिकाऱ्यांची कितीतरी जास्त. पानं दाटल्यावर त्यांच्याआडचे कोळी वाचले होते, आणि अंधार ठेवून सरांनी त्यांना खाणारे तेवढे आधीच मारून टाकले होते.

मग सरांनी पद्धत बदलली. झाडं लहान असताना, चंदेरी कापड उघडं असेपर्यंत नळ्या लावायच्या. पानं दाटली की नळ्या बंद, आणि त्यानंतरच शिकारी सोडायचे. पुढच्या हंगामात दोन नंबरमध्ये एकही फवारणी झाली नाही. अगदी शेवटी कोपऱ्यातल्या काही झाडांवर कोळी चढले तेवढेच, आणि त्याचं कारण अजून नीट कळलेलं नाही.

सरांनी अहवाल लिहिला तेव्हा मोजणी कुणी केली त्या जागी ताईंचं पूर्ण नाव घातलं. ताईंनी तो वाचून परत केला आणि म्हणाल्या की फोकस कुणी लावला तेही लिहा. सरांना हसू आलं, पण लिहिलं. मेजरनं त्या पानाची प्रत मागून घेतली आणि घडी घालून खिशात ठेवली. पायरीपाशी आता एक लहानसा तांबडा दिवा आहे, कारण तांबड्या उजेडात ती दुरुस्ती होत नाही. डबा खायला पुरतो, वाचायला पुरत नाही अशी त्याची तक्रार असते.

सरांनी वयाबद्दल जे म्हटलं होतं त्याची माफी तोंडानं कधी मागितली नाही. फक्त त्यानंतर कुठलाही आकडा जुळेनासा झाला की ते आधी पॉलिहाऊसमध्ये जाऊन उभे राहत, वहीवर मागाहून येत. ताईंना तेवढं पुरलं की नाही, हे त्यांनी वन्संनाही सांगितलं नाही.

थंडी पडल्यावर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर घरी आल्या आणि दारातच थबकल्या. एकदा उजवा डोळा झाकून, एकदा डावा झाकून खिडकीकडे बघत राहिल्या.

"वन्सं, पडदे नवे आणले का?"

"कुठले नवे? तेच आहेत."

"आपले पिवळट होते ना? हे तर पांढरेशुभ्र आहेत."

"दर पंधरा दिवसांनी मी हातानं घासतेय ते," वन्सं म्हणाल्या. "आणि तू त्यांना पिवळट समजत होतीस?"

ह्यावर दोघींचं थोडं वाजलं. संध्याकाळी मिटलं. डॉक्टरांनी महिनाभर सुट्टी सांगितली होती, ताईंनी ती पूर्ण घेतली, आणि महिन्यानंतरच्या सोमवारी पानांच्या बारा पिशव्या टेबलावर ठेवून पहिली उघडली.